मचाण, सुवाह्य

शिकारीसाठी किंवा वन्य प्राण्यांच्या निरीक्षणासाठी झाडावर तात्पुरते बांधता येणारे, एका माणसाला पाठीवरून वाहून नेता येणारे आणि काम संपल्यावर झाडाला इजा न करता काढून घेता येणारे बैठकीचे साधन. ‘मचाण’ या शब्दाचे नाते संस्कृत ‘मंच’ या शब्दाशी असून हिंदीतील ‘मचान’ हे रूप इंग्रजी भाषेतही रूढ झाले आहे. महाराष्ट्रातील शेतकरी गोफण घेऊन पाखरे राखण्यासाठी शेतात चार खांबांवर जो माळा उभारतो, तोही तत्त्वतः मचाणच होय. परंतु तो हंगामभर एका जागी राहतो. सुवाह्य मचाणाचे वैशिष्ट्य याच्या नेमके उलट आहे. ते रोज नव्या झाडावर बांधावे लागते आणि म्हणून त्याच्या बाबतीत वजन, आवाज व बांधणीचा वेळ या तीन गोष्टींना सर्वाधिक महत्त्व येते.

ब्रिटिश अमदानीतील भारतीय शिकारीत विणलेली खाट किंवा बांबूंची ताटी झाडाच्या बेचक्यात दोरांनी बांधून मचाण तयार करीत. ते बांधण्यास गावातील अनेक माणसे लागत. जिम कॉर्बेट यांनी रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबळ्या २ मे १९२६ रोजी गुलाबराई येथील आंब्याच्या झाडावरील अशाच मचाणावरून मारला; त्याआधी अनेक रात्री त्यांनी तेथे बसून काढल्या होत्या. भारतात व्याघ्र-शिकारीवर १९७० मध्ये बंदी आली, १९७२ मध्ये वन्यजीव (संरक्षण) अधिनियम झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवाना घेऊन करावयाची शिकारही जवळजवळ संपुष्टात आली. त्यामुळे येथे मचाणाचा उपयोग आता निरीक्षणापुरताच उरला आहे. मेळघाट, ताडोबा इ. वनक्षेत्रांत वैशाखी पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवरील मचाणांवर बसून प्राण्यांच्या नोंदी घेण्याची प्रथा सुपरिचित आहे. वाघांच्या राष्ट्रीय गणनेसाठी २००६ पासून स्वयंचलित कॅमेऱ्यांची पद्धत आल्यावर गणनेचे शास्त्रीय साधन म्हणून पाणवठ्यावरील मोजणी मागे पडली, तरी निसर्गानुभव म्हणून ती टिकून आहे.

सुवाह्य मचाणाचा विकास प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला आणि त्याला कारण झाले ते धनुष्यबाणाने केलेल्या हरणाच्या शिकारीचे पुनरुज्जीवन. विस्कॉन्सिन राज्याने १९३४ मध्ये धनुर्धरांसाठी हरणाच्या शिकारीचा स्वतंत्र हंगाम सुरू केला. पुढे इतर राज्यांनीही तसे हंगाम ठरविले. कप्प्यांच्या साहाय्याने ताण हलका करणाऱ्या ‘कंपाउंड’ धनुष्याचे एकस्व हॉलेस विल्बर ॲलन यांना १९६९ मध्ये मिळाले, त्यानंतर या छंदाचा प्रसार फार झपाट्याने झाला. बंदुकीच्या गोळीपेक्षा बाणाचा पल्ला पुष्कळच कमी असतो. पांढऱ्या शेपटीचे हरिण (ओडोकॉइलियस व्हर्जिनिॲनस) साधारणपणे २० ते ३० मी. अंतरात आले, तरच धनुर्धराला खात्रीचा नेम धरता येतो. एवढ्या जवळ आलेल्या हरणाला जमिनीवर बसलेल्या माणसाची चाहूल लागली नाही, असे क्वचितच घडते. झाडावर बसण्याची गरज निर्माण झाली ती यातून.

उंचीचा लाभ : हरिण वर पाहत नाही, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. ज्या प्रदेशात मचाणावरून शिकार नेहमी होते, तेथील प्रौढ माद्या झाडांकडे मान उंचावून पाहण्यास शिकतात. उंचीचा खरा फायदा असा की, शिकाऱ्याची लहानसान हालचाल प्राण्याच्या सरळ दृष्टिरेषेत येत नाही आणि मधल्या झुडपांचा अडथळा दूर होऊन शिकाऱ्याला दूरवरचे दिसते. गंधाच्या बाबतीत मात्र उंचीवर फारसे विसंबता येत नाही. सकाळी ऊन चढू लागले की, जमिनीलगतची हवा तापून वर जाते व तिच्याबरोबर माणसाचा वासही वर जातो; संध्याकाळी थंड झालेली हवा उतारावरून खाली वाहू लागते व तोच वास दरीत चरणाऱ्या कळपापर्यंत पोहोचविते. परिणामी सकाळसाठी योग्य असलेले झाड संध्याकाळी निरुपयोगी ठरू शकते. वारा बदलला की झाड बदलणे, हाच त्यावरील उपाय आहे आणि हलक्या साधनांमागील सगळा विचार या एका गोष्टीतून उगम पावला आहे. एकाच मचाणावर वारंवार बसल्यास प्राणी ती जागा टाळू लागतात, असाही अनुभवी शिकाऱ्यांचा दाखला आहे.

प्रकार : खांबांवरची पेटीवजा मचाणे आणि मध्य यूरोपातील लाकडी ‘होखझिट्झ’ (उंच आसने) ही स्थायी स्वरूपाची असल्याने येथे त्यांचा विचार केलेला नाही. झाडाला टेकवून बांधावयाचे शिडीचे मचाण सुवाह्य म्हणून विकले जात असले, तरी पोलादी शिडीचे वजन सामान्यतः २० किग्रॅ.पेक्षा अधिक असते आणि ते उभे करण्यास दोन-तीन माणसे लागतात. ते एकदा उभारून हंगामभर वापरणेच इष्ट.

खऱ्या अर्थाने सुवाह्य असे तीन प्रकार आहेत. पहिला चढत्या मचाणाचा. याचे दोन भाग असतात : एक बसण्याचा व दुसरा पाय ठेवण्याचा. प्रत्येक भागाला खोडाभोवती घालावयाचा पट्टा किंवा तारदोर असतो. वरचा भाग सरकवून त्यावर भार द्यावयाचा, मग पायांनी खालचा भाग वर ओढावयाचा, अशा रीतीने शिकारी अळीसारखा खोडावर चढत जातो. भार पडला की, पट्टा व दातेरी कडा खोडात घट्ट रुततात. भार काढला की सुटतात. वेगळी शिडी लागत नाही व बैठक ऐसपैस असते. याचे वजन सु. ८ ते १३ किग्रॅ. असते. मर्यादा अशी की, त्यासाठी सरळ व कित्येक मीटरपर्यंत फांदी नसलेले खोड लागते. पाइनच्या लागवडीत अशी झाडे हवी तेवढी मिळतात. जुन्या ओकच्या रानात ती शोधण्यातच अर्धी सकाळ जाते.

दुसरा प्रकार टांगत्या मचाणाचा. यात पायफळी व लहान आसन एका दांड्याला जोडलेले असून ते पट्ट्याने खोडाला आवळतात. चढण्यासाठी ‘क्लाइंबिंग स्टिक’ या नावाचे, दोन-तीन पायऱ्या असलेले सुटे दांडे एकावर एक बांधीत जावे लागते. सामान्यतः तीन किंवा चार दांडे पुरतात. मचाणाचे वजन ४ ते ७ किग्रॅ. आणि अगदी हलक्या नमुन्यांत सु. ३ किग्रॅ. असते. वाकडे खोड, मध्येच फुटलेल्या फांद्या यांचा अडथळा होत नाही. उलट फांद्यांचा आडोसा मिळतो. मात्र बांधणीची सर्व कामे झाडाला लटकत करावी लागत असल्याने ती आधी जमिनीलगत अनेकदा करून पाहणे आवश्यक असते.

तिसरा प्रकार ‘सॅडल’ (शब्दशः खोगीर) या नावाने ओळखला जातो. रूढ अर्थाने हे मचाण नव्हेच. कंबर व मांड्या यांना आधार देणारी कापडी झोळी आणि तिला खोडाशी जोडणारा दोर एवढेच त्याचे मुख्य भाग. शिकारी खोडाकडे तोंड करून, पाय लहानशा फळीवर टेकवून मागे रेलतो व खोडाचाच आडोसा घेतो. वृक्षछाटणी करणाऱ्यांच्या व गिर्यारोहकांच्या साधनांतून ही कल्पना आली. ती बरीच वर्षे थोड्या हौशी लोकांपुरती मर्यादित होती. २०१५ नंतरच्या काळात तिचा प्रसार वेगाने झाला. झोळीचे वजन सु. अर्धा ते दीड किग्रॅ. व पायफळीचे एक ते दोन किग्रॅ. असते.

वजनाचा हिशेब : जाहिरातीत दिलेले मचाणाचे वजन पाहून निवड करणे फसवे असते. तो आकडा बहुधा केवळ सांगाड्याचा असतो; आवळपट्टे, पाठीवर घेण्याचे पट्टे, चढण्याचे दांडे, सुरक्षा-साज व दोर यांची भर त्यात नसते. उदाहरणादाखल, ५ किग्रॅ.चे टांगते मचाण घेतले तर चार दांड्यांचे ४ किग्रॅ., अंगावरील सुरक्षा-साजाचे दीड किग्रॅ. आणि दोर-पट्ट्यांचे एक किग्रॅ. मिळून बेरीज साडेअकरा किग्रॅ. होते. म्हणजेच १० किग्रॅ.चे चढते मचाण व दीड किग्रॅ.चा साज घेऊन निघालेल्या शिकाऱ्याइतकेच ओझे टांगत्या मचाणाच्या धन्याच्याही पाठीवर असते. सॅडलच्या बाबतीत झोळी, पायफळी, दांडे व दोर मिळून ६ ते ७ किग्रॅ.वर भागते, कारण झोळी व तिचा दोर हीच पडण्यापासून बचावाचीही व्यवस्था असते. या सर्वांत सु. दोन किग्रॅ.चे धनुष्य, पाणी व थंडीचे कपडे यांची भर पडते.

हलकेपणाचा संबंध केवळ श्रमाशी नाही. नोव्हेंबरमध्ये, म्हणजे उत्तरेकडील राज्यांत हरणांचा माजाचा काळ असतो तेव्हा, पहाटेचे तापमान गोठणबिंदूखाली असते. जड ओझ्याने घामाघूम होऊन झाडावर चढलेल्या माणसाचे कपडे आतून ओले होतात. तासाभरात तो थंडीने कुडकुडू लागतो, हालचाल करू लागतो आणि घामाचा वासही दूरवर जातो. याची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. माजाच्या काळात शिकारी पहाटेपासून अंधार पडेपर्यंत बसून राहतात. तेव्हा तळहाताएवढ्या आसनावर किंवा अरुंद फळीवर दहा तास काढणे कठीण होते व अस्वस्थपणातून चुका होतात. गाडीरस्त्यापासून दोनशे मीटरवर एकाच झाडावर दिवसभर बसणाऱ्याने दोन किग्रॅ. वाचविण्यासाठी मोठी रक्कम खर्च करण्यात अर्थ नाही. दोन-तीन किमी. चालत जाऊन रोज नवे झाड शोधणाऱ्याच्या दृष्टीने मात्र तो खर्च सार्थ ठरतो.

पदार्थ व घडण : पोलाद स्वस्त व चिवट आहे, पण जड आहे. ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या सु. एक-तृतीयांश आहे, तथापि त्याची ताठरताही तितकीच कमी असल्याने नळ्या अधिक रुंद किंवा जाड कराव्या लागतात आणि प्रत्यक्षात वजन एक-तृतीयांशापर्यंत उतरत नाही. जोडकामाच्या जागी ॲल्युमिनियमची ताकद घटते, म्हणून दर हंगामाच्या आरंभी वितळजोडांवर बारीक भेगा आहेत की काय, हे पाहावे लागते. एकसंध ओतीव पायफळीत असे जोड नसतात, शिवाय ती पायाखाली कुरकुरत नाही. तिची किंमत मात्र बरीच जास्त असते. कार्बन तंतूंचे दांडे सर्वांत हलके असतात. हात लावला असता ते धातूइतके गार लागत नाहीत, ही थंडीत मोठीच सोय आहे. परंतु खडकावर आपटल्यास आतील थर सुटूनही बाहेरून काही दिसत नाही, हा त्यांचा दोष होय.

धातूवर धातू आपटल्याचा आवाज शांत रानात फार दूर जातो. त्यामुळे सुट्या भागांवर कापडी किंवा रबरी पट्टी गुंडाळतात, साखळ्यांऐवजी विणलेले पट्टे वापरतात आणि दांडे एकमेकांत बसतील असे रचून पाठीवर बांधतात. बकल, खिळी, कड्या असे सुटे भाग जितके कमी, तितकी अंधारात फजिती कमी. हातमोजे घालून, दिवा न लावता जे मचाण बांधता येत नाही, ते कागदावर कितीही हलके असले तरी सोयीचे म्हणता येणार नाही.

दोरांच्या बाबतीत हलकेपणाचा हव्यास विशेष घातक ठरतो. अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलिनाचे (‘डायनीमा’ इ. व्यापारी नावांचे) दोर अतिशय हलके व भक्कम असतात, पण ते गुळगुळीत असल्याने घर्षणावर अवलंबून असलेल्या गाठी त्यांवर घसरतात आणि सु. १४५° से. तापमानाला ते वितळत असल्याने वेगाने घसरणाऱ्या गाठीच्या उष्णतेने त्यांना धोका पोहोचतो. म्हणून बचावाच्या दोरासाठी गाभा व वेष्टन असलेला गिर्यारोहणाचा दोर आणि गाठीसाठी उष्णता सोसणाऱ्या ॲरामिड तंतूंचे वेष्टन असलेला दोर पसंत करतात.

उंची व नेम : बहुतेक मचाणे जमिनीपासून ५ ते ६ मी. उंचीवर बांधतात. याहून वर जाण्याने लपणे थोडे सुधारते, परंतु बाण अधिकाधिक तिरपा जातो. प्राण्यापेक्षा ६ मी. उंच असलेल्या शिकाऱ्यापासून हरिण आडव्या अंतराने १० मी.वर असेल, तर बाणाचा कोन सु. ३१° असतो, उंची ९ मी. केल्यास तो सु. ४२° होतो. एवढ्या तिरप्या बाणाने दोन्ही फुप्फुसांचा वेध घेणे कठीण होते आणि जखमी जनावर मरणयातना भोगत दूर निघून जाण्याचा संभव वाढतो. नेम धरताना अंतर आडवे मोजावयाचे असते, तिरकस नव्हे. कारण बाणाची गुरुत्वाकर्षणामुळे होणारी घसरण मुख्यतः आडव्या अंतरावर अवलंबून असते. सहा मी. उंचीवरून २० मी. अंतरासाठी हा फरक एका मीटरहूनही कमी भरतो. पण जवळच्या व उंच माऱ्यात तो दुर्लक्षिता येत नाही.

पडण्यापासून बचाव : या विषयातील सर्वांत गंभीर भाग हाच होय. सहा मी. उंचीवरून सुटलेला माणूस एका सेकंदाहून थोड्या अधिक काळात, ताशी सु. ३९ किमी. वेगाने जमिनीवर आदळतो. पाठीचा कणा मोडून कायमचे पंगुत्व येणे, हा अशा अपघाताचा नेहमीचा परिणाम आहे आणि एकट्याने रानात गेलेल्या माणसाच्या मदतीला कोणी येण्यास कित्येक तास लागू शकतात. अपघातांपैकी पुष्कळसे मचाणावर बसलेले असताना होत नाहीत. ते चढताना, उतरताना आणि विशेषतः शेवटच्या पायरीवरून मचाणावर पाय टाकताना होतात. मचाणावर पोहोचल्यानंतर दोर अडकविण्याची सवय त्यामुळे अपुरी ठरते. जमिनीवरून पाय उचलल्यापासून पुन्हा जमिनीवर टेकेपर्यंत शरीर खोडाशी जोडलेले राहिले पाहिजे.

त्यासाठी दोन पद्धती आहेत. वीजखांबावर काम करणारा लाइनमन जसा कमरेपासून खांबाभोवती पट्टा घेतो, तसा पट्टा घेऊन चढता येते. यात दोन्ही हात दांडे बांधण्यास मोकळे राहतात. एकाच झाडावर पुन्हापुन्हा बसावयाचे असल्यास वरून जमिनीपर्यंत एक जीवदोर कायम सोडून ठेवतात व त्यावर सरकणाऱ्या प्रुसिक गाठीला साजाचा दोर जोडतात. ऑस्ट्रियन गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केलेली ही गाठ हाताने सरकते, पण एकाएकी भार पडला की दोराला घट्ट धरते.

केवळ कमरेचा किंवा छातीचा पट्टा वापरण्याची जुनी रीत आता त्याज्य मानतात. कारण पडल्यावर तो वर सरकून छाती व श्वास आवळतो. खांदे, छाती व दोन्ही मांड्यांना धरणारा पूर्ण साजच वापरला पाहिजे. त्याचा दोर डोक्याच्या पातळीत किंवा त्याहून वर बांधावा आणि त्यात ढील ठेवू नये. तरीही साजात निश्चल लोंबकळत राहणे हे स्वतःच प्राणघातक ठरू शकते. मांड्यांवरील पट्ट्यांमुळे पायांतील रक्त साचून राहते, हृदयाकडे परतत नाही व काही मिनिटांतच शुद्ध हरपण्याचा धोका असतो. पाय अडकवून उभे राहता येईल असा फासा खिशात ठेवणे व पाय हलवीत राहणे, हा त्यावरील उपाय आहे. हा फासा काही ग्रॅम वजनाचा असतो. वजन वाचविण्यासाठी तो घरी ठेवणारेही आढळतात. धनुष्य किंवा बंदूक हातात घेऊन कधीही चढू नये. बंदूक रिकामी करून व धनुष्य बाणांसह वेगळ्या ओढदोराने वर घ्यावे.

उत्पादकांनी ठरविलेली कमाल भारमर्यादा बऱ्याच नमुन्यांत १३६ किग्रॅ. (३०० पौंड) असते. या आकड्यात शिकाऱ्याबरोबर त्याचे कपडे, बूट, शस्त्र व पाठपिशवी हे सर्व धरावयाचे असते, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही.

झाडाची निवड : झाड जिवंत, निरोगी व माणसाचा भार सहज पेलणारे असावे. चढत्या मचाणांना साधारणपणे २० ते ५० सेंमी. व्यासाचे खोड चालते. शॅगबार्क हिकरीसारख्या झाडांची साल मोठ्या ढलप्यांनी सुटते. तिच्यावर पट्टा वा दाते विश्वासाने धरत नाहीत. सालीवर बर्फ जमले असता कोणतेही खोड धोक्याचे असते. मिशिगन राज्यात २००२ मध्ये आढळलेल्या ‘एमराल्ड ॲश बोरर’ या आशियाई भुंगेऱ्याने उत्तर अमेरिकेतील ॲश वृक्षांचा प्रचंड प्रमाणात नाश केला आहे. अशी वाळलेली झाडे वरून सरळ व भक्कम दिसतात, पण ठिसूळ होऊन अचानक मोडतात. त्यांच्याजवळच्या झाडावरही मचाण बांधणे टाळतात.

सार्वजनिक वनांत खोडात खिळे किंवा फिरकीच्या पायऱ्या रोवण्यास अनेक राज्यांत मनाई आहे. कित्येक ठिकाणी मचाण त्याच दिवशी उतरविण्याचे बंधन असते. खिळ्यांमुळे लाकूड बाधित होते व पुढे करवतीत अडकून अपघात होतात, असे यामागील कारण आहे. नियम राज्याराज्यांत व काही वेळा एकाच राज्यातील निरनिराळ्या वनांतही वेगळे असल्याने साधने विकत घेण्यापूर्वीच ते पाहून घ्यावे लागतात. ही बंधने आणि खाजगी जमिनींवरील शिकारीची वाढती भाडी यांमुळेच हलक्या साधनांची मागणी वाढली आहे. केवळ एकच दांडा, त्याला लोंबणारी कापडी पायरी व दोर एवढ्यावर टप्प्याटप्प्याने चढून नंतर दोरावरून घसरत उतरण्याची पद्धतही काही जण वापरतात. तिने ओझे आणखी दोन-तीन किग्रॅ.ने घटते, परंतु तिला गिर्यारोहकाइतकाच सराव लागतो आणि नवशिक्याने तिच्या वाटेस न जाणे बरे.

निगा : विणलेले पट्टे उन्हातील जंबुपार किरणांनी हळूहळू कमजोर होतात, खारी ते कुरतडतात आणि मचाण वर्षभर झाडावर राहिल्यास वाढत्या खोडाच्या दाबाने ते ताणून तुटण्याच्या बेतास येतात. म्हणून हंगाम संपताच सर्व साधने उतरवून कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवतात. रंग उडालेला, कडा उसवलेला किंवा एकदा पडण्याचा धक्का सोसलेला पट्टा व साज, वरून धड दिसला तरी, टाकून देतात. जुन्या बाजारातून घेतलेल्या मचाणाचा सांगाडा तपासून वापरता येतो. त्याचे पट्टे व दोर मात्र नवेच घ्यावे लागतात.